वेताळाची किंमत

पुस्तकाची किंमत वाढली म्हणजे त्याचे मोल वाढले, असा समज व्यापाऱ्याने करून घेतला तर तो क्षम्य होय. वाङ्मयाचा विचार करणाऱ्याने तो करून घेता कामा नये. हे विधान इतके उघड आहे की ते करण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन असे की, ज्या वाङ्मयप्रकाराकडे मराठी टीकेने क्वचितच वळून पाहिले, त्याचे मूल्यमापन आज बाजार करू लागला आहे. आणि टीका मौन धरून बसल्यामुळे बाजाराचाच निकाल अखेरचा ठरण्याचा संभव आहे. हा वाङ्मयप्रकार म्हणजे चित्रकथा. आपण सारे तिला ‘कॉमिक्स’ याच नावाने ओळखतो.

एके काळी रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यावर रुपया-दीड रुपयात मिळणाऱ्या पातळ पुस्तिका आज हजारो रुपयांना विकल्या जात आहेत. त्यांची जाहिरात वाचावी तो भाषा जवाहिऱ्याच्या पेढीवरची: मुखपृष्ठ शाबूत, कोपरे न दुमडलेले, पिना न गंजलेल्या, मधले पान जागच्या जागी, कोणाचे नाव लिहिलेले नाही. कथा कशी आहे, चित्रे कोणाची आहेत, भाषांतर वाचनीय आहे की नाही, यांविषयी अक्षरही नाही. पुस्तकाच्या विक्रीत पुस्तकाचा मजकूर सोडून अन्य सर्व गोष्टींची चर्चा व्हावी, हा प्रकार आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. या पुस्तिकांना मोल आहे की नाही, आणि असल्यास ते कोणत्या प्रकारचे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

आरंभ ‘इंद्रजाल’पासूनच केला पाहिजे. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ हा तिचा पहिला नायक. पहिले बत्तीस अंक त्या एकट्यासच वाहिलेले होते. मागाहून मँड्रेक जादूगार, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर इत्यादी मंडळी येऊन मिळाली, आणि १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्मिलेला ‘बहादूर’ हा अस्सल देशी नायक अवतरला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या मालिकेच्या आवृत्त्या निघत असत. १९९० साली ती बंद पडली, तोवर तिचे आठशेंहून अधिक अंक प्रसिद्ध झालेले होते. एवढा दीर्घ काळ एवढ्या नियमितपणे चाललेली मालिका मराठी मुलांच्या वाचनावर आपला ठसा उमटविल्याशिवाय राहिली असेल, हे संभवत नाही.

वाङ्मय म्हणून या कथांची योग्यता काय? आम्ही त्यांची वाजवीपेक्षा अधिक स्तुती करणार नाही. फँटमची मूळ कल्पनाच साम्राज्यकाळातील आहे. एक गोरा पुरुष अरण्यात राहतो, कवटीच्या सिंहासनावर बसतो, काळ्या-सावळ्या जमातींचे तंटे सोडवितो, आणि त्या जमाती त्याला अमर समजून त्याच्या धाकात राहतात. यातील गृहीत गोष्टी तपासून पाहिल्या तर स्वतंत्र देशाच्या नागरिकास त्या सुखद वाटण्याचे कारण नाही. संपादकांनाही त्याची जाणीव असावी. मूळ कथांतील बंगालशी मिळतेजुळते नाव बदलून त्यांनी ‘देंकाली’ केले. ‘रामा’ नावाच्या मारेकऱ्यास ‘रामालु’ केले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. नावे बदलली तरी रचना बदलत नाही, हे खरे. शिवाय दैनिकांतील लांबट चित्रपट्ट्या पुस्तिकेच्या पानांत बसविण्यासाठी त्यांची काटछाट होई, आणि त्यामुळे कथेचा वेग कित्येकदा विनाकारण अडखळे.

असे असूनही या कथांमध्ये काहीतरी होते, आणि ते ओळखणे टीकेचे काम आहे. फँटमच्या कथेत साहसापेक्षा परंपरा अधिक आहे. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवितो, त्याच कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतो, आणि लोकांस वाटते की तोच एक पुरुष शतकानुशतके जिवंत आहे. व्यक्ती मरते, पद राहते, ही ती कल्पना. आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण सरकारी सेवेतील असल्यामुळे त्यांस या कल्पनेतील मौज निराळी सांगावयास नको. ज्याच्या दलास आपला सेनापती कोण हे ठाऊक नाही, ज्याच्या आज्ञा तिजोरीत ठेवलेल्या कागदावरून मिळतात, आणि जो एकवीस पिढ्या एकाच जिल्ह्यात बदलीवाचून राहिला, असा अधिकारी जगाच्या वाङ्मयात दुसरा सापडणार नाही.

‘बहादूर’चे महत्त्व निराळ्या प्रकारचे आहे. डाकूच्या पोटी जन्मलेला आणि पोलीस अधिकाऱ्याने वाढविलेला हा तरुण आपल्या गावच्या नागरिकांचे संरक्षक दल उभारून दरोडेखोरांशी सामना देतो. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने चंबळच्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेविली होती. ही घटना अविभक्त मध्य प्रदेशातील, आणि रायपूर तेव्हा त्याच राज्यात होते. त्या वार्ता वर्तमानपत्रांत वाचलेल्या घरांतील मुलांस बहादूरची गोष्ट ही दूरच्या अरण्यातील वाटली नसणार. परक्या साच्यात देशी द्रव्य ओतण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि गोविंद ब्रह्मानिया यांच्या चित्रांनी त्यास रूप दिले.

परंतु मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत विचारार्ह गोष्ट आम्हांस वाटते ती भाषांतराची, त्यातही एका नावाची. ‘फँटम’ या शब्दाचे मराठीत ‘वेताळ’ झाले. हा शब्द कोशातून उचललेला नव्हे. गावच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला वेताळ, भुतांचा राजा वेताळ, गोमंतकातील मंदिरांतला बेताळ, वेताळपंचविशीतला प्रश्न विचारणारा वेताळ, अशी या नावामागे केवढी तरी मोठी वस्ती आहे. त्यात भर म्हणजे १९५२ साली मराठीत सुरू झालेल्या ‘चांदोबा’ मासिकात विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा वेताळ महिन्यामागून महिने मुलांस भेटत होताच. म्हणजे एकाच घरात दोन वेताळ नांदत होते: एक प्रेतात शिरून कोडी घालणारा, दुसरा पांढऱ्या घोड्यावर बसून दुष्टांस शासन करणारा. मुलांस याचा घोटाळा झाला नाही. भाषांतरकाराने परक्या नायकास मराठी भुताखेतांच्या कुळात दत्तक घेतले, आणि दत्तकविधान यशस्वी झाले. या भाषांतरकारांची नावे आज आपल्यापैकी किती जणांस सांगता येतील?

येथे आम्हांस रायपूरच्या अनुभवाचा उल्लेख करणे भाग आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलास लिपीची अडचण नसते, आणि तीच त्याची अडचण असते. तेलुगू किंवा बंगाली प्रदेशातील मराठी मुलास आपली लिपी निराळी आहे, ती निराळी शिकली पाहिजे, हे पदोपदी कळते. छत्तीसगढात तसे नाही. शाळेतील हिंदी देवनागरीतच असते. मुलास वाटते, मला वाचता येते, आणखी काय शिकावयाचे? अशा मुलाच्या हाती एकाच कथेच्या दोन पुस्तिका पडत. स्थानकावर मिळे ती हिंदी, आणि नागपूरहून येणारा आतेभाऊ घेऊन येई ती मराठी. हिंदीच्या मुखपृष्ठावर ‘वेताल’, मराठीच्या मुखपृष्ठावर ‘वेताळ’. चित्रे तीच, घोडा तोच, कवटी तीच. फरक एका अक्षराचा. ते ‘ळ’ अक्षर हिंदीच्या वर्णमालेत मुलास शिकविलेले नसते. कित्येक घरांत मुलाने ‘हे कोणते अक्षर?’ असा प्रश्न प्रथम विचारला तो या पुस्तिका हातात घेऊन. ज्ञानेश्वरीने जे काम अजून हाती घ्यावयाचे होते, ते एका जांभळ्या पोशाखातील परदेशी वीराने आरंभिले, हे ऐकून काही वाचकांस विषाद वाटेल. पण ते घडले आहे. या पुस्तिकांचे मोल आम्ही मानतो ते हे.

मग त्या दुर्मिळ का झाल्या? याच कारणाने. त्या वाचल्या गेल्या. एका घरातून दुसऱ्या घरात, एका शासकीय वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत त्या हिंडल्या. उन्हाळ्याच्या सुटीत दोरीवर टांगून भाड्याने दिल्या गेल्या. मधली पाने सुटली, मुखपृष्ठे गेली, कोणी चित्रांस मिशा काढल्या. शेवटी बदलीचा हुकूम आला. बदलीच्या सामानात काय न्यावयाचे याचा एक ठरलेला क्रम असतो: भांडी, अंथरुणे, देव, मुलांची शाळेची पुस्तके, आणि मग जागा उरल्यास इतर. चित्रकथांस जागा उरत नसे. जगदलपूरहून बिलासपूरला, बिलासपूरहून भोपाळला जाताना प्रत्येक ठिकाणच्या रद्दीवाल्याने त्या किलोच्या भावाने नेल्या. म्हणजे आज ज्यांस ‘दुर्मिळ’ म्हणून मान मिळतो, त्यांच्या दुर्मिळतेत आपल्या वाचकांच्या बदल्यांचाही वाटा आहे. ही दुर्मिळता कोणी योजून आणलेली नव्हती. ती वापराची खूण होती, देवळाच्या झिजलेल्या पायरीसारखी.

हीच गोष्ट अमेरिकेत आपल्या आधी, आणि फार मोठ्या प्रमाणावर, घडून गेलेली आहे. म्हणून तिकडे थोडे पाहिले पाहिजे. १९३८ साली सुपरमॅनची पहिली कथा ज्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आली, त्याची किंमत दहा सेंट होती. मुलांनी तो वाचून फेकून दिला, आयांनी माळे झाडताना टाकून दिला, आणि दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत असे गठ्ठेच्या गठ्ठे लगदा होण्यास गेले. राहिल्या त्या थोड्या प्रतींपैकी एक एप्रिल २०२४ मध्ये साठ लक्ष डॉलरना विकली गेली. अशा बातम्या प्रसिद्ध होऊ लागल्या तेव्हा लोकांनी त्यातून जो धडा घ्यावयाचा तो घेतला नाही. जुन्या अंकास किंमत आली ती तो कोणी जपून ठेवला नाही म्हणून. लोकांनी निष्कर्ष काढला तो असा की, आपण नवे अंक जपून ठेवावे म्हणजे त्यांसही किंमत येईल.

या गैरसमजावर प्रकाशकांनी आपला व्यापार उभारला. एकच अंक निरनिराळ्या मुखपृष्ठांनी काढावयाचा, म्हणजे ग्राहक तो चार-पाच वेळा विकत घेईल. मुखपृष्ठावर चकचकीत मुलामा द्यावयाचा, अंक पिशवीत बंद करावयाचा, पिशवीत एक पत्ता घालावयाचा, आणि पाच पत्त्यांचा संच पुरा करण्यास पाच पिशव्या घ्याव्या लागतील अशी तजवीज करावयाची. १९९१ साली ‘एक्स-फोर्स’ या मालिकेच्या पहिल्या अंकात नेमके हेच केले होते, आणि त्याच्या सुमारे पन्नास लक्ष प्रती खपल्या. त्याच वर्षी ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांनिशी निघाला आणि ऐंशी लक्षांहून अधिक खपला. नोव्हेंबर १९९२ मध्ये तर सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीतून आला. पिशवीत दंडास बांधावयाची काळी फीत, मृत्युलेख आणि तिकिटे होती. लोकांनी रांगा लावून तो घेतला. पिशवी फोडली की किंमत जाणार, म्हणून कित्येकांनी ती फोडलीच नाही. सुतक पाळले, पण मृत्यू कसा झाला ते वाचले नाही. पुढच्याच वर्षी सुपरमॅन जिवंत होऊन परत आला.

या सर्व प्रकारातील तर्कदोष बाजाराच्या गणितातही न बसणारा होता. ज्या वस्तूच्या लक्षावधी प्रती लक्षावधी लोकांनी एकाच हेतूने जपून ठेवल्या आहेत ती दुर्मिळ कशी होणार? विकणारे सर्व, घेणारा कोणी नाही, अशी स्थिती लवकरच आली. अनेक दुकाने बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘मार्व्हल’ या बलाढ्य प्रकाशनसंस्थेस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तिच्या अधोगतीस अन्य कारणेही होती. परंतु वाचकास ग्राहक आणि ग्राहकास सट्टेवाला बनविण्याच्या धोरणाचा त्यांत मोठा भाग होता. सट्टेवाला जेव्हा निघून गेला, तेव्हा मागे वाचकही फारसा उरलेला नव्हता.

आता आपल्याकडे वळू. आपल्या सुदैवाने येथे एक निराळे उदाहरण पूर्वीच घालून दिले गेले होते. इंद्रजालच्या आरंभकाळी टाइम्स ऑफ इंडियात काम केलेले अनंत पै यांनी १९६७ साली इंडिया बुक हाऊसतर्फे ‘अमर चित्र कथा’ आणली. हिच्या क्रमांकांत एक गंमत आहे: पै यांची पहिली पुस्तिका ‘कृष्ण’, पण तिचा क्रमांक अकरा. आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांच्या भाषांतरांस दिले गेले होते. संग्राहकांस असा तपशील फार प्रिय असतो, आणि तो जपण्यात काही वाईटही नाही. परंतु अमर चित्र कथेचे खरे वैशिष्ट्य आम्हांस दिसते ते तिच्या पुनर्मुद्रणात. ‘कृष्ण’ची राम वाईरकरांनी चितारलेली पाने त्या काळच्या मुलाने पाहिली आणि त्याच्या नातवालाही ती नव्या प्रतीत पाहावयास मिळाली. जुनी प्रत संग्राहकाने हवी त्या किमतीस घ्यावी. कथा मात्र कोणासही माफक दामात मिळते. या मालिकेवर घेण्यासारखे आक्षेप पुष्कळ आहेत. इतिहास आणि पुराण यांत तिने फारसा भेद केला नाही, स्त्रियांचे चित्रण ठरावीक सौंदर्यकल्पनांतून केले, समाजातील सर्व थरांस सारखे स्थान दिले नाही. पण हे आक्षेप घेता येतात, कारण पुस्तके उपलब्ध आहेत! जे पुस्तक वाचावयास मिळते त्याच्याशीच भांडता येते. तिजोरीतल्या पुस्तकाची टीका होऊ शकत नाही. त्याचा फक्त विमा उतरविता येतो.

हिंदी प्रदेशातील स्थिती याहून मिश्र आहे, आणि रायपूरच्या मराठी घरांस ती जवळची आहे, कारण १९८० नंतरच्या पिढीने येथे मराठीपेक्षा हिंदी चित्रकथाच अधिक वाचल्या. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली ‘नागराज’ आणला. या नागराजास आरंभी रूप दिले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. हेच मुळीक अमर चित्र कथेसाठी पुराणे आणि इतिहास चितारीत होते. ‘भोकाल’ची चित्रे दिलीप कदम यांची. रायपूर-बिलासपूरच्या भाड्याच्या वाचनालयांत हिंदी भाषिक मुले ज्या रेषांवर लुब्ध झाली, त्या रेषा मराठी हातांनी काढलेल्या होत्या, हे आमच्या मंडळींस ठाऊक असावयास हवे होते. त्या अंकांबरोबरही मोफत स्टिकर येत, पोस्टर येत. त्यांस आम्ही दोष देणार नाही. पन्नास पैसे भाडे देऊन अंक नेणाऱ्या मुलास आपल्या पेटीवर नागराज चिकटविता आला तर त्यात फसवणूक कोठे आहे? स्टिकर हा चिकटविण्यासाठी होता. तो न चिकटविता पाकिटात ठेवला तरच त्यास किंमत येते, हा विचार नंतरचा.

हा नंतरचा विचार आता आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. हिंदी चित्रकथांच्या जुन्या वाचकांस, जे आज चाळिशीत आहेत आणि ज्यांच्या हाती पगार आहे, डोळ्यांपुढे ठेवून ‘संग्राहक आवृत्त्या’ निघू लागल्या आहेत. कापडी किंवा पुठ्ठ्याची बांधणी, एकाच पुस्तकास दोन-तीन मुखपृष्ठे, पूर्वनोंदणी करणाऱ्यास खूणपट्टी आणि चुंबकी चित्र, मर्यादित प्रतींची घोषणा. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत जे जे करून झाले, ते ते येथे नव्याने होत आहे. प्रकाशकाची बाजूही ऐकली पाहिजे. कागद महाग, मुले वाचनाकडून अन्यत्र वळलेली, भाड्याची वाचनालये नाहीशी झालेली. अशा वेळी जुन्या वाचकाच्या आठवणींवर धंदा चालवून त्याने नव्या लेखक-चित्रकारांस काम दिले तर ते निंद्य कसे म्हणावे? हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि, ज्या आवृत्तीची किंमत मुलाच्या खाऊच्या पैशांत बसत नाही, ती बाळवाङ्मय राहत नाही. ती प्रौढांची स्मरणवस्तू होते. आणि मुलांच्या हाती न जाणाऱ्या बाळवाङ्मयास उद्याचा संग्राहक तरी कोठून मिळणार? ज्या प्रेमाचे आज पैसे होत आहेत, ते प्रेम स्वस्त पुस्तिकांनी निर्माण केलेले होते. मुद्दल खाऊन व्याजाची अपेक्षा करण्याचा हा व्यवहार आहे.

संग्राहकांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर, माटुंग्यास किंग्ज सर्कलपाशी, दिल्लीच्या दर्यागंजात धुळीने भरलेले गठ्ठे उपसून ज्यांनी हे अंक वेचले, त्यांनी नसते वेचले तर आज इंद्रजालच्या मराठी आवृत्तीविषयी बोलण्यास आधार उरला नसता. ज्या काळात विद्वानांस ही रद्दी वाटत होती, त्या काळात या मंडळींनी तिच्या याद्या केल्या, क्रमांक जुळविले, चित्रकार ओळखले. हे संशोधनच होय, आणि त्याची नोंद आपल्या विद्यापीठांनी घ्यावयास हवी. आमचा विरोध संग्रहास नाही. संग्रहाच्या एका विशिष्ट वळणास आहे.

ते वळण असे. अमेरिकेत २००० साली अशी एक संस्था निघाली की जी पैसे घेऊन पुस्तिकेस दहापैकी गुण देते आणि तिला प्लॅस्टिकच्या कठीण पेटीत कायमची बंद करते. पेटी उघडली की गुण रद्द. आपल्याकडेही अशा पेट्यांचे आकर्षण वाढू लागले आहे. आता याचा अर्थ पाहा. न वाचलेली प्रत सर्वोत्तम. एकदा वाचलेली त्याहून कमी. मुलाने पेन्सिलीने आपले नाव लिहिलेली त्याहून कमी. आणि तीन भावंडांनी, शेजारच्या चौघांनी, व पुढे मावसभावांनी वाचून जिची पाने सुटली, ती कवडीमोल. वाङ्मयाच्या दृष्टीने हा क्रम बरोबर उलटा आहे. आमच्या मते सर्वोत्तम प्रत ती, जिच्या ‘वेताळ’मधील ‘ळ’ भोवती कोणा मुलाने पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे. बाजाराच्या कोष्टकात ते वर्तुळ दोष म्हणून नोंदले जाते.

पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह आपल्या वाचकांपैकी अनेकांनी केला असेल. तेथेही दुर्मिळतेस मान आहे. १८५४ सालच्या ज्या चार आण्यांच्या तिकिटावर राणीचे डोके उलटे छापले गेले, ते जगप्रसिद्ध आहे. पण ती चूक होती, योजना नव्हती. आणि तिकिटात वाचण्यासारखे काही नसल्यामुळे ते बंद ठेवल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पुस्तक बंद ठेवले की त्यातील भाषाही बंद होते.

मग करावे काय? कायद्याने आपली काही सोय केलेली आहे. १९५४ च्या अधिनियमानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांस पाठविली पाहिजे, आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्याच्या कक्षेत आली. परंतु कायदा प्रत जपू शकतो, वाचक जपू शकत नाही. ते काम रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांचे आहे. बृहन्महाराष्ट्रात जेथे जेथे मराठी ग्रंथालय आहे, तेथे एक कपाट अशा पुस्तिकांसाठी ठेवावे. फाटलेल्या प्रती आनंदाने घ्याव्या, त्यांस साधे खाकी वेष्टन घालावे, आणि मुलांच्या हाती द्याव्या. ज्या प्रतीस बाजार विचारीत नाही तीच आपल्या कामाची आहे, ही केवढी सोय! त्याबरोबरच टीकाकारांनी आपले मौन सोडावे. कोणती कथा चांगली, कोणती सुमार, कोणते भाषांतर मराठी वळणाचे आणि कोणते लाकडी, हे कोणी सांगितलेच नाही तर पिना गंजल्या की नाहीत एवढाच निकष शिल्लक राहील.

या प्रांतात असे बोलण्यास आम्हांस एक आधार आहे. १९०० साली माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर या दोघा मराठी गृहस्थांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामनराव लाखे त्याचे प्रकाशक. ते जेमतेम तीन वर्षे चालले आणि १९०२ अखेर पैशाअभावी बंद पडले. त्याच्या मूळ प्रती कोणत्याही चित्रकथेइतक्याच विरळ आहेत, पण त्याचे नाव हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात राहिले ते विरळपणामुळे नव्हे. त्यातील पुस्तकपरीक्षणांनी हिंदी समालोचनेस शिस्त लावली. त्यातील सप्रे यांची १९०१ सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत गणली जाते, आणि ती पुनःपुन्हा छापली, शिकविली, वाचली गेली. रायपुरात आज सप्रे यांच्या नावाची शाळा आहे, लाखे यांच्या नावाची वस्ती आहे. त्या मासिकाच्या जुन्या अंकास लिलावात काय भाव येईल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि त्याचे काही अडत नाही.

वेताळाच्या गोष्टी सप्रे यांच्या पंक्तीस बसतील असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोहोंस लावावयाची कसोटी एकच: किती जणांनी वाचले, आणि वाचल्यावर त्यांच्यापाशी काय राहिले. त्या पेट्या, ते पत्ते, ते मुलामे यांनी या कसोटीत एका गुणाचीही भर पडत नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर बदलीतून वाचलेला एखादा जुना गठ्ठा असेल, तर त्याची किंमत विचारण्यास जाण्यापूर्वी तो घरातील मुलापुढे ठेवावा. ‘हे कोणते अक्षर?’ असे त्याने विचारले, की त्या गठ्ठ्याचे पैसे फिटले असे समजावे.